सायकलचा छोटा पंप हवा भरत नसेल तर: आधी गळती शोधा, मग पंप उघडा

सायकलच्या फ्रेमला अडकवायचा छोटा पंप नीट चालेनासा झाला की बहुतेक जण एकच उपाय करतात. हँडल बाहेर ओढायचं, दांड्यावर घरात सापडेल ते तेल सोडायचं आणि चार वेळा आतबाहेर करायचं. दोन दिवस पंप बरा वाटतो, तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. मग तो फेकून नवा आणला जातो आणि सहा महिन्यांनी त्याचीही तीच गत होते.

ओळखीचे लोक "पंप गेला" म्हणत माझ्याकडे पंप आणून देतात. त्यातल्या कितीतरी पंपांत काहीच बिघाड नसतो. दोष ट्यूबच्या व्हॉल्व्हचा असतो, किंवा पंपाच्या तोंडातलं रबर उलटं बसलेलं असतं. ज्यांत खरंच बिघाड असतो, त्यांची दुरुस्ती दहा-वीस रुपयांच्या ओ-रिंगवर, म्हणजे रबराच्या गोल कडीवर भागते. चूक होते ती क्रमात. तपासणी बाहेरून आतच करायची: आधी ट्यूबचा व्हॉल्व्ह, मग पंपाचं तोंड, मग दट्ट्या आणि शेवटी चेक व्हॉल्व्ह, म्हणजे टायरची हवा पंपात परत येऊ न देणारी झडप. हा क्रम सोडून आधीच पंप उघडलात, तर मूळ दोष कुठे होता हे कधीच कळत नाही.

## पंप हवा कशी ढकलतो, एवढं आधी समजून घ्या

नळकांड्यात एक दट्ट्या असतो आणि त्याच्या खाचेत ओ-रिंग बसवलेली असते. ही खाच रिंगपेक्षा मुद्दाम थोडी रुंद केलेली असते. हँडल ओढलं की रिंग खाचेच्या एका कडेला सरकते आणि दट्ट्याच्या मागची हवा तिच्या बाजूने पुढे येते. हँडल दाबलं की रिंग दुसऱ्या कडेला चिकटते, वाट बंद होते आणि हवा पुढे ढकलली जाते. म्हणजे ही रिंग अडवायचं आणि सोडायचं अशी दोन्ही कामं करते. जुन्या पंपांत रिंगच्या जागी चामड्याची किंवा रबराची वाटी असते, तीही हीच दोन कामं करते.

आता एक छोटा हिशेब. तुमच्या भोवतालच्या हवेचा दाब साधारण १४.७ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) आहे. टायरमध्ये ८० पीएसआय भरलेले असतील, तर आत आणखी हवा शिरण्याआधी नळकांड्यातली हवा जवळजवळ साडेसहा पट आवळावी लागते. हँडलची चाल १५ सेंटीमीटर असेल, तर पहिले साडेबारा सेंटीमीटर नुसती हवा आवळण्यात जातात. टायरमध्ये हवा शिरते ती शेवटच्या अडीच सेंटीमीटरांत. अर्धवट, घाईघाईचे झटके मारणाऱ्याच्या टायरमध्ये एका टप्प्यानंतर काहीच का जात नाही, ते यावरून कळेल. आणि रिंगजवळून झालेली जराशी गळतीही तेवढीच महागात पडते.

## तयारी

काम परातीत करा. हे गमतीने सांगत नाही. चेक व्हॉल्व्हचा छर्रा आणि स्प्रिंग ज्वारीच्या दाण्याएवढे असतात. टेबलावरून घरंगळले की कपाटाखाली गेलेच. परातीत पांढरं सुती फडकं अंथरा, त्यावर काळी रिंग आणि तिच्यावरची चीर दोन्ही लगेच दिसतात.

जवळ ठेवायचं सामान:

- मऊ झालेला जुना टूथब्रश, कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड
- पाण्याने भरलेला मग
- २, २.५ आणि ३ मिलिमीटरच्या अ‍ॅलन की, छोटा स्क्रूड्रायव्हर
- लाकडी टूथपिक (रिंग काढायला पिन किंवा कटर वापरायचा नाही)
- सिलिकॉन ग्रीस
- चांगला व्हॉल्व्ह असलेलं, हवा धरणारं एक चाक

सिलिकॉन ग्रीस कुठे मिळेल असं बरेच जण विचारतात. पाण्याच्या फिल्टरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात चौकशी करा. फिल्टरच्या भांड्याच्या ओ-रिंगला हेच लावतात. छोटी डबी कित्येक वर्षं पुरते.

सावध: रॉकेल, पेट्रोल, थिनर आणि गंज सोडवायचा स्प्रे यांतलं काहीही पंपाच्या आत जाऊ देऊ नका. स्प्रेने पंप तेवढ्यापुरता हलका चालतो, कारण तो आतलं उरलंसुरलं ग्रीस विरघळवून टाकतो. नंतर रिंग कोरडीच घासत राहते.

## टप्पा १: दोष पंपाचा की ट्यूबचा?

तोच पंप दुसऱ्या चाकाला लावून पाहा. दुसऱ्या चाकात हवा नीट गेली, तर पंप परातीत आणायचं कारणच नाही. पहिल्या चाकाच्या व्हॉल्व्हकडे वळा.

साधा व्हॉल्व्ह, म्हणजे डनलॉप. आपल्याकडच्या काळ्या उभ्या सायकलींना आणि मुलांच्या बऱ्याच सायकलींना हाच असतो. आतल्या पितळी खिळ्यावर बारीक रबरी नळी चढवलेली असते, दुकानात तिला व्हॉल्व्ह-ट्यूब म्हणतात. ती चिकटली की पंप दगडासारखा घट्ट लागतो. फाटली की भरलेली हवा लगेच परत येते. दोन्ही वेळा दोष पंपावर ढकलला जातो. नट सोडून खिळा काढा, नळी बदला. नवी नळी चढवताना थुंकी किंवा पाण्याचा थेंब लावा, तेल नको.

श्रेडर, म्हणजे मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह. यात मधली पिन दाबली गेली नाही, तर आतली स्प्रिंग हवेला अडवते आणि हवा भरायला जास्त जोर लागतो. पंपाचं तोंड पुरतं खाली बसलं नाही, तर पिन दाबली जात नाही.

प्रेस्टा, म्हणजे बारीक लांब व्हॉल्व्ह. टोकावरची छोटी चकती सैल केल्यावर बोटाने एकदा टिचकी मारून पिन दाबा. "फुस्स" असा आवाज आला पाहिजे. बरेच दिवस हवा भरली नसेल तर पिन आत चिकटून बसते. टिचकी न मारताच पंप लावलात, तर हँडल अर्ध्यावर अडकतं आणि पंप जाम झाल्यासारखा वाटतो. ट्यूबलेस टायर असेल तर आतला सीलंट (पंक्चर बुजवणारा द्रव) सुकून व्हॉल्व्हचं तोंड बुजलेलं असू शकतं. व्हॉल्व्हचा गाभा, म्हणजे आटे फिरवून निघणारा आतला भाग, काढून पाण्याखाली ब्रशने साफ करा.

प्रेस्टाचा गाभा हाताने घट्ट आहे ना, तेही इथेच पाहून घ्या. एका पावसाळी राइडला मला याची किंमत कळली. ताम्हिणी घाटात मागचं चाक पंक्चर झालं. ट्यूब बदलली, आटे असलेली रबरी नळी व्हॉल्व्हवर फिरवून बसवली आणि अडीचशेच्या आसपास झटके मारून टायर टणक केला. नळी उलटी फिरवून काढायला गेलो, तर नळीबरोबर व्हॉल्व्हचा गाभाही सुटून हातात आला. क्षणात टायर रिकामा. पाऊस अंगावर, हात थरथरत होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेव्हापासून आटेवाली नळी लावण्याआधी मी गाभा गाभ्याच्या पान्याने किंवा पकडीने हलका आवळून घेतो.

तपासा: दुसऱ्या चाकावरही पंप तसाच वागत असेल, तरच पुढच्या टप्प्यावर जा.

## टप्पा २: अंगठ्याची परीक्षा

पंप कशालाच जोडू नका. रबरी नळी काढता येत असेल तर काढा. हँडल पूर्ण बाहेर ओढा, हवा बाहेर पडायच्या भोकावर अंगठा घट्ट दाबा आणि हँडल आत ढकला.

- हँडल अडलं, आणि हात सैल केल्यावर उसळून मागे आलं: दट्ट्या ठीक आहे. दोष तोंडात, रबरी नळीत किंवा चेक व्हॉल्व्हमध्ये आहे. टप्पा ३ आणि ६ बघा.
- हँडल हळूहळू, विरोध करत आत गेलं: रिंग झिजली आहे किंवा कोरडी पडली आहे.
- काहीच न जाणवता हँडल थेट आत गेलं: रिंग खाचेतून निसटली आहे, फाटली आहे किंवा दट्ट्या दांड्यावरून सुटला आहे.
- अंगठा काढल्यावरही हँडल हलेना: दांडा वाकला आहे किंवा आत गंज किंवा चिखल आहे. जोर लावू नका.

अंगठ्याने फार दाब रोखता येत नाही, म्हणून या परीक्षेत उत्तीर्ण झालेला पंप ६० पीएसआयच्या पुढे गळू शकतो. बारीक गळतीची परीक्षा टप्पा ७ मध्ये आहे.

एक गोष्ट बिघाड नाही, तरी लोक तिला बिघाड समजतात. जाड नळकांड्याच्या पंपाने रोड बाइकच्या टायरमध्ये ८० पीएसआय भरायला गेलात तर हँडल रेटेनासं होतं. ३० मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर तेवढ्या दाबाला साधारण ४० किलोचा जोर लागतो, २० मिलिमीटरच्या दट्ट्यावर जेमतेम १८ किलोचा. जाड पंप माउंटन बाइकच्या रुंद टायरसाठी, बारीक पंप रोड बाइकच्या अरुंद टायरसाठी. काही पंपांत जास्त हवा आणि जास्त दाब असा बदल करायची कळ असते. ती कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा.

## टप्पा ३: पंपाचं तोंड

तोंडाभोवतीचं आवरण हाताने उलटं फिरवलं की सुटतं. आत सहसा दोन तुकडे असतात: एक रबरी बूच आणि एक प्लॅस्टिकची गुंडी. दोन्ही उलटसुलट करून प्रेस्टा किंवा श्रेडरसाठी बसवायचे असतात. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, आणि काढताना ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परातीत ओळीने मांडा. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लोक गुंडी फिरवतात पण रबर तसंच ठेवतात, किंवा रबर फिरवतात आणि गुंडी तशीच. मग तोंड व्हॉल्व्हवर बसल्यासारखं दिसतं, पण बाजूने हवा फिसफिसत राहते.

प्रेस्टाचा दांडा ६ मिलिमीटर जाड असतो, श्रेडरचा ८. रबराच्या दोन्ही तोंडांची भोकं शेजारी धरून पाहा, लहानमोठं लगेच कळेल. लहान भोक व्हॉल्व्हकडे आलं पाहिजे ते प्रेस्टासाठी.

रबर साबणपाण्यात धुवा आणि भोकाची आतली कड उजेडात निरखा. आट्यांनी कापलेल्या बारीक खाचा दिसल्या, तर रबर बदलायची वेळ आली आहे. बदली रबर मिळेपर्यंत ते उलटं करून चालतं का पाहा, काही पंपांत दोन्ही कडा सारख्याच असतात. रबरावर ग्रीसचा थर देऊ नका, पंप भरताना तोंड व्हॉल्व्हवरून निसटेल.

तपासा: तोंड व्हॉल्व्हवर शेवटपर्यंत दाबा, मग तोंडावरचा, व्हॉल्व्ह पकडणारा खटका उचला. खटका अगदी सहज उचलला गेला तर रबर झिजलं आहे किंवा उलटं बसलं आहे. चांगल्या रबराला खटका उचलताना थोडा जोर लागतोच.

## टप्पा ४: नळकांडं उघडणं

हँडलच्या बाजूची चकती सहसा आटे देऊन बसवलेली असते. हँडल पूर्ण बाहेर ओढा, फडक्याने चकती धरून उलटी फिरवा. निघत नसेल तर रबरी हातमोजा घाला. पकड लावायचीच असेल तर मध्ये फडकं ठेवा, अ‍ॅल्युमिनियमला ओरखडा गेला की पुढे तिथूनच पांढरा गंज धरतो. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्यालगत राहणाऱ्यांच्या पंपांत चकती खाऱ्या हवेने जाम झालेली मी पाहिली आहे. कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवली की क्षार सुटतात. गेज असलेल्या पंपाचा गेज मात्र भिजू द्यायचा नाही.

काही स्वस्त पंपांत चकती चिकटवलेली असते. दोनदा बेताचा जोर लावूनही हलली नाही, तर ती उघडायला बनवलेलीच नाही असं समजा. असा पंप उघडताना तुटतो.

दांडा बाहेर काढा आणि नळकांड्यातून एका डोळ्याने खिडकीच्या उजेडाकडे पाहा. आतली भिंत आरशासारखी हवी. उभी रेघ दिसली तर नखाने चाचपा. नखाला लागणारी रेघ असेल, तर नवी रिंग घालूनही तिथून हवा जाणार. अशी रेघ वाळूच्या एका कणाने पडते. मागच्या चाकाचा चिखल ज्या पंपावर थेट उडतो, त्यात हे हमखास दिसतं. रेघ नुसती दिसत असेल पण नखाला लागत नसेल, तर पंप अजून बरीच वर्षं चालेल.

## टप्पा ५: रिंग किंवा वाटी

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, इथे घाई करू नका.

दट्ट्यावरचं जुनं ग्रीस फडक्याने पुसा. ते काळं आणि खरखरीत असेल, तर त्यात अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आणि धूळ मिसळली आहे. ते पुसलं नाही तर नव्या ग्रीसचा उपयोग नाही. रिंग टूथपिकने उचला, बोटांमध्ये धरून हलकी ताणा आणि गोल फिरवत पाहा. तीन खुणा शोधायच्या: बारीक चिरा, एका बाजूला सपाट झालेली कड आणि सुजून मऊ पडलेलं रबर. सुजलेली रिंग म्हणजे कुणीतरी नको ते तेल घातलं आहे. खाचेच्या तळाशी किंवा कडेला छोटी खाच किंवा भोक असतं, हवा पुढे येण्याची वाट तीच. ती टूथपिकने मोकळी करा.

नवी रिंग निवडताना जुनी रिंग घेऊन बेअरिंग आणि ऑइल सील विकणाऱ्या दुकानात जा. सायकलच्या दुकानापेक्षा तिथे निवड जास्त असते. आतला व्यास आणि जाडी, दोन्ही मापं व्हर्निअरवर घ्यायला सांगा. जुनी रिंग झिजलेली असते, म्हणून तिच्या जाडीच्या मापापेक्षा किंचित जास्तच माप खरं असतं. रबर नायट्राइल मागा. लाल किंवा पारदर्शक सिलिकॉनची मऊ रिंग घेऊ नका. ती घासून लवकर तुटते आणि वर सिलिकॉन ग्रीसनेच फुगते.

"जाड रिंग घातली की गळणारच नाही" असं वाटतं, आणि ही चूक जाणकारांकडूनही होते. जाड रिंग खाचेत गच्च बसते, पुढेमागे सरकत नाही. मग हँडल ओढताना हवा पुढे येतच नाही. हँडल ओढायला जड जातं, सोडलं की स्वतःच आत ओढलं जातं आणि टायरमध्ये हवा शून्य. रिंग बसवल्यावर ती बोटाने खाचेत पुढेमागे जराशी हलली पाहिजे.

चामड्याची वाटी असेल तर बहुतेक वेळा बदलायची गरज नसते. ती सुकून आक्रसलेली असते. शिलाई मशीनच्या तेलात रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी बोटांनी तिची कड बाहेरच्या बाजूला चोळून रुंद करा. वाटीचं उघडं तोंड हवा बाहेर पडते त्या टोकाकडे हवं. उलटी बसवली तर पंप हवा भरतच नाही.

खोबरेल तेलाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ते प्रत्येक घरात असतं आणि पंपात हमखास जातं. खोबरेल २४-२५ अंश सेल्सिअसच्या खाली गोठतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत सकाळी सहाला सायकल काढणाऱ्याच्या पंपात त्याचं मेण झालेलं असतं. उरलेलं तेल कालांतराने चिकट होऊन धूळ धरून ठेवतं. व्हॅसलीनही नको, काही प्रकारची रबरं त्याने सुजतात आणि तुमच्या पंपातलं रबर कुठलं ते बाहेरून कळत नाही.

ग्रीस किती? हरभऱ्याच्या डाळीच्या एका दाण्याएवढं. ते रिंगभोवती आणि नळकांड्याच्या तोंडाशी आतून बोटाने पसरा, पुरे. जास्त झालं तर ते ढकललं जाऊन चेक व्हॉल्व्हमध्ये साचतं आणि नवीनच बिघाड होतो.

दट्ट्या आत घालताना सरळ ढकलू नका. हलकेच गोल फिरवत घाला. आट्यांच्या कडेवर रिंग चिरली जाते ती याच क्षणी.

## टप्पा ६: चेक व्हॉल्व्ह

टायरकडची हवा पंपात परत येऊ नये म्हणून नळकांड्याच्या टोकाशी किंवा तोंडात एक छर्रा-स्प्रिंग किंवा रबराची छोटी पाकळी असते. काही साध्या पंपांत ती नसतेच, ट्यूबच्या व्हॉल्व्हवरच काम भागतं.

बिघाडाची खूण श्रेडर व्हॉल्व्हवर छान दिसते. थोडी हवा भरून हँडल सोडा. ते आपोआप बाहेर येऊ लागलं, तर टायरची हवा चेक व्हॉल्व्ह ओलांडून मागे येते आहे. प्रेस्टावर ही खूण मिळेलच असं नाही, कारण तो व्हॉल्व्ह स्वतःच हवा अडवतो.

दुसरी परीक्षा दट्ट्या बाहेर असतानाच करून घ्या, म्हणजे टप्पा ५ मध्ये रिंग बसवण्याआधी. नळकांड्याच्या उघड्या तोंडातून फुंका: हवा पुढे गेली पाहिजे. मग बाहेरच्या भोकाकडून फुंका: जाता कामा नये. दोन्हीकडून गेली तर पाकळी किंवा छर्रा नीट बसत नाही.

भाग साबणपाण्यात धुवा, पुसून सावलीत वाळवा. स्प्रिंग ताणून "कडक" करू नका. छर्रा जिथे टेकतो त्या बैठकीवर केस, धागा किंवा ग्रीसचा थर असतो, तो काढला की पुष्कळदा एवढंच पुरतं. इथे ग्रीस लावायचं नाही.

## टप्पा ७: जोडणी आणि दाबाची परीक्षा

सगळे आटे आधी हाताने, तिरके न जाता, शेवटपर्यंत फिरवा. मगच आवळा. दहा झटके रिकामे मारा, ग्रीस सारखं पसरेल. पुन्हा अंगठ्याची परीक्षा घ्या.

आता चाकाला जोडा. आधी ३० पीएसआयच्या आसपास थांबा. तोंडाभोवती, रबरी नळीच्या दोन्ही टोकांना आणि नळकांड्याच्या सांध्याला साबणाचा फेस लावा आणि हँडल दाबून धरा. बुडबुडा वाढताना दिसला तर तीच गळती. कानाने ऐकू न येणारी गळती फेस दाखवतो. कुठेच बुडबुडा वाढत नसेल तर टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आणि किमान आकड्यांच्या मध्ये, तुम्हाला लागतो तेवढा दाब भरा.

नळीतल्या छोट्या गेजवर फार विसंबू नका. झटका मारताना तो पंपातला दाब दाखवतो, टायरमधला नाही. घरच्या उभ्या पंपाच्या गेजशी एकदा ताडून पाहा, फरक कायम सारखा असेल तर तो लक्षात ठेवून चालतं.

## भरताना होणाऱ्या चुका, ज्यांनी पंप पुन्हा बिघडतो

पंप थेट व्हॉल्व्हवर बसणारा असेल तर व्हॉल्व्हचा दांडा हलू देऊ नका. एका हाताने पंपाचं तोंड आणि शेजारचा स्पोक एकत्र धरा, अंगठा टायरवर टेकवा. चाक भिंतीला, झाडाला किंवा मैलाच्या दगडाला टेकवून ठेवा. पंप वरखाली हेलकावत राहिला की ट्यूब व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटते, आणि ते पंक्चर चिकटवता येत नाही.

प्रत्येक झटका पूर्ण मारा. ४०-५० झटक्यांनी थांबा आणि पंपाच्या टोकाला हात लावून पाहा. हवा आवळली की तापते, जलद पंपिंगमध्ये टोक चटका बसेल इतकं गरम होतं. ग्रीस पातळ होऊन पुढे वाहतं आणि रिंग लवकर झिजते. पंक्चर काढल्यावर घाई असतेच, २०० किलोमीटरच्या बीआरएमला (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांची मुदत असली की जास्तच. पण अर्धा मिनिट पंप थंड होऊ दिल्याने कुणी वेळेबाहेर जात नाही.

## रस्त्यात रिंग गेली तर

रिंग झिजली असेल आणि पिशवीत दुसरी नसेल, तर ती काढून खाचेत नळाला लावायची टेफ्लॉन टेप एक किंवा फार तर दोन वेढे गुंडाळा आणि वरून तीच रिंग बसवा. रिंग थोडी उचलली जाऊन भिंतीला टेकते. हवा येण्याची छोटी वाट टेपने बुजू देऊ नका, तेवढ्या जागी टेप टोचून मोकळी करा. ग्रीस नसेल तर रिंगवर पाण्याचा थेंब लावा. यावर घरी पोहोचण्याएवढा दाब येतो. घरी आल्यावर टेप काढून टाकायची.

## ठेवायचं कसं, उघडायचं कधी

पंप फ्रेमवर मागच्या चाकाच्या माऱ्यात असेल, तर जागा बदला किंवा तोंडाला टोपी घाला. टोपी हरवली असेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून रबरबँड लावा. पावसात भिजून आल्यावर पंप सायकलवर तसाच ठेवू नका. काढून पुसा, हँडल दोनदा ओढून पाणी झटका आणि उभा टांगून वाळू द्या. ठेवताना खटका मोकळ्या स्थितीत ठेवा, आवळलेल्या स्थितीत राहिला तर रबर त्याच आकारात बसतं आणि व्हॉल्व्ह धरत नाही. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर पंप ठेवणं टाळा.

वर्षातून दोनदा पंप उघडा, बिघडला नसला तरी. एकदा मे महिन्याच्या शेवटी, पाऊस येण्याआधी. दुसऱ्यांदा पावसाळा सरल्यावर, खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी सायकली धुऊन त्यांना झेंडूचा हार घालतात आणि अवजारं पूजेला मांडतात. पंपही त्या रांगेत असतो, म्हणून तो त्याच सकाळी परातीत उघडला जातो. एक जादा रिंग मी तेव्हाच ग्रीस लावून छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालतो आणि पंक्चर किटमध्ये, पॅचच्या डबीखाली ठेवतो.